अनुसयाची कवळी

अनुसयाच्या नाकातून चहा आला, तेव्हा हेमराज पाण्याच्या एका पितळी गुंडावर नाव टाकत होता.

२००३ चा उन्हाळा होता. लग्नसराई जोरात होती. अल्लीपूरच्या बाजारगल्लीत हेमराजचं भांड्यांचं दुकान आहे. आहेराच्या भांड्यावर देणाऱ्याचं नाव लागतं, आणि विजेच्या सुईनं ते कोरायचं काम हेमराज दुसऱ्या कुणाला करू देत नाही. दुकानामागेच घर. मधलं दार उघडं होतं. त्यानं सहज मान वर केली. अनुसया ओट्यापाशी बसून बशीतून चहा पीत होती. एक घोट गेला, आणि तोच चहा नाकातून परत बशीत पडला.

"काय झालं वं?"

"ठसका लागला," ती म्हणाली आणि पदरानं नाक पुसलं.

हेमराज पुन्हा नावाकडे वळला. त्याला बोलायला आवडतं, पण अनुसयाशी बोलणं दोन वाक्यांतच संपतं हे त्याला सवयीचं होतं. दुकानात तो गिऱ्हाइकांना सांगायचा, "आमच्या घरी हसाले टॅक्स लागते बाप्पा." लोक हसायचे. अनुसया आतून ऐकायची. ती हसायची नाही.

ती नाचणगावची. १९८६ साली लग्न होऊन आली. लग्नात पोरी तोंड उघडून रडतात. ही ओठ मिटून उभी होती. हेमराजनं ते तेव्हाच पाहिलं होतं, आणि त्याच्या मनानं घेतलं होतं की पोरीच्या मनात हे लग्न नाही. पुढं तसंच दिसत गेलं. ती त्याच्यासमोर जेवायची नाही. सगळ्यांचं झाल्यावर भिंतीकडे तोंड करून बसायची आणि भाकर वरणात कुस्करून खायची. झोपायचीही भिंतीकडे तोंड करून. पहिल्या दोन हिवाळ्यांत त्यानं तिच्यासाठी हुरडा आणला, ऊस आणला, सेलूहून येताना टोपलीभर बोरं आणली. तिनं सगळं शेजारच्या पोरांना वाटून टाकलं. तिसऱ्या वर्षी त्यानं आणणं बंद केलं. एक लवंग तेवढी तिला लागायची. सारखी दाढेत धरलेली असायची. अंधारात घरात कोण आलं हे हेमराजला लवंगेच्या वासावरून कळायचं.

तरी संसार झाला. प्रेरणा झाली. घर लख्ख राहिलं. सासूचं अखेरचं दुखणं अनुसयानं तोंडातून शब्द न काढता उचललं. हेमराजला तक्रार करायला जागा नव्हती. नुसतं आत कुठंतरी खुपत राहायचं की हिला आपण आवडलो नाही.

चहानंतर वरण नाकातून यायला लागलं. गावातल्या डॉक्टरनं नाकात घालायचं औषध दिलं. अनुसया ते मुकाट घालत राहिली. मग एक दिवस प्रेरणा दुकानात येऊन उभी राहिली. तिनं नुकतीच दहावीची परीक्षा दिली होती. जीभ बापाची घेतली होती, आणि वर धार लावली होती.

"बाबा, आई जेवत नाई."

"जेवते ना. मागून जेवते."

"मागून काय करते थे मी पाह्यलं. ताटलीतलं गाईले घालते. तुम्ही भांडेच पाहत राहा."

दुसऱ्या दिवशी तिघं वर्ध्याला मोठ्या दवाखान्यात गेली. नाक-घशाच्या डॉक्टरनं तोंडात बॅटरी मारली, आणि दातांच्या विभागात पाठवून दिलं. तिथं एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी अनुसयाला खुर्चीत बसवलं, वरचा दिवा ओढला.

"कवळी काढा," त्या म्हणाल्या.

हेमराजला वाटलं, त्या दुसऱ्या कुणाशी बोलताहेत.

"कवळी नाई बाई थे," तो हसून म्हणाला. "तिचे दात हायेत. आमच्या घरात कवळी माह्या मायची होती, थे तिच्यासंगं गेली."

डॉक्टरीणबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. मग अनुसयाकडे पाहिलं.

"यांना माहीत नाही?"

अनुसयानं डोळे मिटून घेतले.

कवळी हातानं निघाली नाही. हिरडी तिच्या कडांवर चढली होती. डॉक्टरीणबाईंनी बारीक हत्यारानं कडेकडेनं ती सोडवायला घेतली. अनुसयानं दोन्ही हातांनी त्यांचं मनगट धरलं. आवाज मात्र केला नाही. भिजून फुगलेलं झाकण निघावं तसा आवाज झाला आणि कवळी बाहेर आली. लवंगेचा वास आला. त्याच्यामागून दुसरा वास आला, आणि प्रेरणा दाराकडे सरकली.

ट्रेमध्ये वरच्या दातांची अख्खी ओळ पडली होती. मध्ये टाळूच्या जागी काळ्या रबराची एक चकती होती, शर्टाच्या मोठ्या बटणाएवढी. कडा कुजलेल्या. हेमराज ट्रेकडे पाहत राहिला. रोज ताट वाढणाऱ्या बाईच्या तोंडातून ही वस्तू निघाली होती, आणि ती त्यानं आज पहिल्यांदा पाहिली होती.

मग त्यानं वर पाहिलं. अनुसयाचा वरचा ओठ आत गेला होता. नाकाचं टोक खाली आलं होतं. गाल बसले होते. खुर्चीत दुसरीच कुणी म्हातारी बाई होती, आणि तिनं अनुसयाचं लुगडं नेसलं होतं. अनुसयानं पदर डोळ्यांपर्यंत ओढून घेतला.

"ही किती दिवसांनी काढत होता तुम्ही?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

पदराखालून एक बोट वर आलं.

"आठवड्यातून एकदा?"

मान हलली. नाही.

"महिन्यातून?"

नाही.

"वर्षातून?"

नाही. बोट तसंच वर.

"एकदाच?" डॉक्टरीणबाईंचा आवाज खाली आला. "आतापर्यंत एकदाच काढली?"

मान हलली. हो.

डॉक्टरीणबाईंनी ट्रे बाजूला सरकवला. मग त्यांनी हेमराजला बाजूला नेलं. तो नीट ऐकत होता की नाही कोण जाणे, पण त्यांनी हळू आणि सोपं सांगितलं. रबराच्या चकतीनं कवळी वर चिकटून राहते. ती चकती सतरा वर्षं टाळू ओढत राहिली. आधी कातडी गेली, मग हाड. आता टाळूला भोक पडलं आहे, करंगळीचं टोक जाईल एवढं. तोंडातलं नाकात जातं ते त्यातून. कवळीच्या कडा रुतून रुतून हिरडीला मांसाचे पदर सुटलेत. ते कापून काढावे लागतील, त्यातला तुकडा तपासायला पाठवावा लागेल. हिरडीखालचं हाड सगळीकडे सारखं झिजलेलं नाही. कुठं सपाट, कुठं सुरीसारखं उभं. ते घासून गोल करावं लागेल. भोकावर टाळूचीच कातडी ओढून शिवावी लागेल.

"हाड घासाचं?" हेमराजनं विचारलं.

"हो. नाहीतर नवी कवळी बसणार नाही. बसली तरी टोचेल."

"भांड्याचा काठ घासतो आम्ही. नाई घासला तं हात कापते."

"तसंच समजा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आधी जबडा नीट होईल. तो भरून यायला काही महिने. दात त्यानंतर."

"तोपर्यंत?"

"तोपर्यंत तोंड असंच."

तिला दाखल करून घेतलं. बायकांच्या वॉर्डात पुरुषांना बसू देत नाहीत. प्रेरणा आईजवळ राहिली आणि हेमराजनं बाहेर व्हरांड्यात चटई टाकली. दाराशी वळताना अनुसयानं त्याच्या सदऱ्याची बाही धरली. पदराआडून काहीतरी बोलली. आवाज नाकातून येत होता, शब्द कळत नव्हते. प्रेरणानं कान लावला.

"कुठी जाऊ नका म्हणते."

"नाई जात. इथंच हाओ."

ती सोडेना. दुसऱ्यांदा म्हणाली. तिनं त्याला कुठं जाऊ नका असं कधी म्हटलं नव्हतं. मालासाठी तो नागपूरला गेला की ती डबा बांधून द्यायची आणि आत वळायची. त्या दिवशी ती घडी घडी दाराशी आली. पदर तोंडावर, दोन डोळे तेवढे बाहेर. त्याला पाहायची आणि परत जायची. तो चहाला खाली गेला तर परत येईपर्यंत ती दारातच उभी. जेवणाचा डबा आणायला रस्ता ओलांडून जायचं म्हटलं तर तिनं मान हलवून प्रेरणाला पाठवलं. हेमराज चटईवर बसून विचार करत होता. बाईचं तोंड गेलं तेव्हा तिला नवरा दिसला, असं त्याला वाटत होतं. त्याला बरंही वाटत होतं, आणि बरं वाटतं याची लाजही.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रेरणा येऊन त्याच्याजवळ बसली.

"बाबा, तुमाले बरं हाय ना?"

"मले काय झालं?"

"छातीत दुखत नाई? चक्कर गिक्कर?"

"काऊन वं?"

"आई तुमच्या मराची वाट पाहून राह्यली."

हेमराजनं तिच्याकडे पाहिलं. पोरगी थट्टा करत नव्हती.

तिनं आईकडून रात्रभरात एकेक शब्द काढून घेतला होता. नाचणगावची कौसल्याआत्या अनुसयाच्या बापाची सख्खी बहीण. आईविना पोर तिनंच वाढवलं. हळदीच्या दिवशी तिनं अनुसयाला आत घेतलं, दार लावलं, आणि आपल्या गळ्याची कातडी चिमटीत धरली. माह्या गळ्याची आण हाय तुले, म्हणाली, हे दात सासरी तोंडातून काढशीन तं. नवऱ्याले कळू देशीन तं. आण म्हणजे आण. ती मोडली तर घालणाऱ्याच्या जिवावर येते. ज्यानं घातली त्यानंच गळ्याला हात लावून सुटली म्हणावं लागतं.

पहिल्याच वर्षी पोळ्याच्या सुमाराला कवळीखाली तिळाचा दाणा गेला. ठणका सोसेना. अनुसयानं नहाणीची कडी लावली, कवळी काढली, धुतली, परत घातली. त्याच आठवड्यात नाचणगावहून माणूस आला. आत्या गेली.

"अन् आण सुटली नाई," प्रेरणा म्हणाली. "आई म्हणते, सोडवणारी गेली तं आण जवळच्या माणसावर येते. तुमच्यावर. म्हणून कधीच नाई काढली. आता डॉक्टरीणबाईनं काढली. म्हणून थे घडी घडी पाहाले येते, तुम्ही जित्ते हा का नाई."

हेमराजला तो दिवस आठवला. आत्याच्या मातीला तो अनुसयाला घेऊन गेला होता. सगळ्या बाया ऊर बडवत होत्या. अनुसया ओठ घट्ट मिटून कोपऱ्यात. डोळे कोरडे. परतताना एसटीत तो मनात म्हणाला होता, दगड आहे ही. आपण दगडाशी लग्न केलं.

तो उठला. नर्स अडवत होती तरी आत गेला. अनुसया खाटेवर बसली होती. मुठीत रुमालाची पुरचुंडी होती. कवळी तिनं मागून घेतली होती. पहाटे तिनं ती घालून पाहिली, ती बसली नाही, एवढंच. हिरडी सुजली होती आणि पदराला रक्ताचे डाग होते.

"सतरा वर्षं मले वाटलं," हेमराज म्हणाला, "का मी तुले आवडत नाई."

तिनं त्याच्याकडे असं पाहिलं, जसं तो तिसऱ्याच गावची गोष्ट सांगतो आहे.

"कोण म्हटलं?" ती नाकातून बोलली. हे त्याला कळलं.

"कोणी नाई म्हटलं."

शेजारच्या खाटेवरची बाई यांच्याकडे बघत बघत संत्रं सोलत होती.

अनुसयाचं एकच म्हणणं होतं. दात परत बसवा. डॉक्टरीणबाई आल्या, समजावलं, रागावल्या, पुन्हा समजावलं. ती कवळी आता बसत नाही, आणि बसवली तर भोक वाढेल, उद्या जेवण फुप्फुसात जाईल. अनुसया ऐकत होती. ऑपरेशनच्या कागदावर अंगठा द्यायला मात्र हात पुढं येत नव्हता. तिचा हिशेब साधा होता. जेवण नाकातून आलं तर तिच्या एकटीच्या नाकातून येणार. कवळी बाहेर राहिली तर नवरा जाणार.

हेमराजला राग आला होता. कुणावर ते त्याला ठरवता येत नव्हतं. आत्या मेलेली. त्यानं प्रेरणाला सांगितलं, आईला म्हण बाबा खाली चहाला गेले, आणि नाचणगावला जायला पुलगावची बस धरली.

नाचणगावात आत्याचे यजमान तानबाजी अजून होते. पार वाकलेले. ओट्यावर बसून तूर निवडत होते. मूलबाळ नव्हतं. हेमराजनं सगळं सांगितलं. तानबाजी निवडत राहिले.

"कावीळ झालती तिले," ते म्हणाले. "आखाडीपासून अंथरुणात होती. पोळ्याले गेली. दातानं कोणी मरते का, जवाई?"

"तुमाले दाताचं माहीत होतं?"

"मले?" तानबाजींनी मान वर केली. "म्याच तं तिचं डोकस्कं धरून बसलोतो. चवदा वर्षांची होती. विहिरीवर रहाटाचा दांडा सुटला अन् तोंडावर बसला. समोरचे गेले. मंग तुमचं स्थळ आलं तवा पुलगावच्या बाजारात दात बसवणारा होता, त्याच्याकडं नेली. थो म्हणे, चार दात कायले बसवता, लटपट करतीन. पुरी कवळी करू, रबर लावू, जलमभर हलत नाई. पण मागचे काढा लागतीन."

"मागचे चांगले होते?"

"कणसाचे दाणे होते, जवाई. एकाच दिवशी काढले सारे. पोट्टी मोठी निबर. आवाज नाई काढला."

हेमराज ओट्याच्या कडेवर बसला. त्यानं विचारलं, "अजून कोणाले माहीत होतं?"

"अजून म्हणजे? साऱ्या नाचणगावले. लपते का हे? तुमच्या मोतीलालभाऊले तं म्या सोता सांगतलं, पाह्याले आलते तवाच. थे म्हणे, पोरगी कामाची हाय, दातानं काय नांगर ओढाचा हाय."

मोतीलाल हा हेमराजचा थोरला भाऊ. लग्न त्यानंच ठरवलं होतं. आता हिंगणघाटला असतो, दिवाळीला येतो, अनुसयाच्या हातच्या करंज्या खातो. गावानं पाहिलं, भावानं ऐकलं, आणि सतरा वर्षं एक बाई एका माणसापुरतं तोंड झाकत बसली. तो माणूस दुकानात बसून तिच्यावर विनोद करत होता. हेमराजला तूर दिसत होती, तानबाजींची बोटं दिसत होती, आणि कशाचा कशाशी संबंध लागत नव्हता.

"मंग आण सोडवाची कोणी?" त्यानं विचारलं. दुसरं काही सुचलं नाही म्हणून विचारलं.

"तिच्या रक्ताचं पायजे कोणी. मी नवरा. माह्यानं नाई होत."

"रक्ताचं कोण हाय?"

तानबाजींनी विचार केला. आत्याला लेकरू नव्हतं. तिचा भाऊ, म्हणजे अनुसयाचा बाप, जाऊन दहा वर्षं झाली होती.

"तुमचीच बायको उरली नं," ते म्हणाले. आणि पुन्हा तूर निवडू लागले.

हेमराज परतला तेव्हा अनुसया वॉर्डाच्या दारात उभी होती. तो चहाला गेला नव्हता हे तिला कळलं होतं. तिनं त्याच्या दंडाला हात लावून पाहिला, मग कपाळाला. मग तो हात तिनं त्याच्या खांद्यावर असा आपटला की प्रेरणा दचकली.

तिघं व्हरांड्याच्या टोकाला नळाजवळ बसली. हेमराजनं कावीळ सांगितली. दात बसवणारा सांगितला नाही, तो तिला माहीतच होता. मोतीलालभाऊला आधीपासून माहीत होतं, हे त्यानं सांगितलं नाही. ते तिला कधीच कळू द्यायचं नाही हे त्यानं बसमध्ये ठरवलं होतं.

"आत्याच्या रक्ताची तूच," तो म्हणाला. "तूच सोडव."

नळाखाली कुणाचीतरी बादली भरत होती, ती तिकडे बघत राहिली. मग बोलली. प्रेरणा मधे मधे सांगत होती, पण आता हेमराजला तिचं बरंचसं कळायला लागलं होतं.

"म्याच घेतली, म्याच सोडू?"

"मंग कोण सोडवते?"

"असं कोणी करते का?"

"सतरा वर्षं कवळी कोणी घालते का?"

"नाई सुटली तं?"

"मंग मरतो," हेमराज म्हणाला. "पण तू उपाशी मरशीन त्याच्या आधी मरतो. दोघायचं प्रेरणाले एकाच खर्चात होईन."

"बाबा, माह्यावर नका ढकलू," प्रेरणा म्हणाली.

अनुसयानं उजव्या हातानं पदर धरला होता. गळ्याला हात लावायचा तर उजवाच लावायला हवा, हे तिघांनाही माहीत होतं. तिनं एकदा आजूबाजूला पाहिलं. एक म्हातारा सलाइनची बाटली धरून चालला होता, तो जाऊ दिला. मग तिनं पदर सोडला.

हेमराजनं तिच्याकडे पाहिलं. खुर्चीवरच्या दिव्याखाली दिसली होती तशी नव्हती. उजेडात जास्तच वाईट दिसत होती. त्यानं नजर हटवली नाही. हटवली तर ती पुन्हा पदर घेईल असं त्याला वाटलं.

तिनं गळ्याची कातडी चिमटीत धरली, सोडली, आणि तिथंच हात ठेवला.

"सुटली," ती म्हणाली.

निम्मा शब्द नाकातून वारा होऊन गेला. तिलाच तो पुरेसा वाटला नाही. तिनं दम घेतला आणि पुन्हा म्हणाली, मोठ्यानं. वॉर्डातून संत्रं सोलणाऱ्या बाईनं डोकं बाहेर काढलं.

"ऐकू आलं वं आई," प्रेरणा म्हणाली. "आत्यालेबी आलं असंन."

अनुसया ऐकत नव्हती. ती हेमराजकडे बघत होती. तो श्वास घेतो आहे का हे बघत होती. हेमराज श्वास घेत होता. तो रक्त, आण यांतलं काही मानत नव्हता. पण त्या नळाजवळ, तिच्या डोळ्यांसमोर, त्यालाही वाटलं की आता आपण पडणार. तो हललाही नाही.

बादली भरून वाहायला लागली. प्रेरणानं उठून नळ बंद केला.

"कागद आणा म्हणा," अनुसया म्हणाली.

ऑपरेशन दुसऱ्या दिवशी झालं. तोंडापुरती भूल होती. हेमराज दाराबाहेर बाकावर होता. आधी बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग कानस चालायला लागली. हेमराजनं आयुष्यभर तो आवाज ऐकला आहे, पितळेवर, तांब्यावर, स्टीलवर. हाडावर कानस चालते तेव्हा आवाज बारीक येतो, दबका, आणि मधे मधे थांबतो, कारण कुणीतरी बोटानं कड चाचपून पाहत असतं. तो उठला आणि व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेला. तिथंही त्याला तो ऐकू येत होता. येत नसणार, पण येत होता.

काढलेला तुकडा तपासणीत चांगला निघाला. टाळूचं भोक शिवलं. एका कोपऱ्यात टाका सुटला, तिथं पुन्हा एकदा शिवावं लागलं. पावसाळाभर ती बिनदातांची घरी होती. पहिले काही दिवस पदर डोळ्यांपर्यंत होता. मग नाकापर्यंत आला. मग दुकानात भांडी पुसायला बसताना हात रिकामे लागतात म्हणून तो खांद्यावरच राहायला लागला. गल्लीतल्या बाया आल्या, पाहिलं, हळहळल्या, आणि त्यांच्यातल्या कुणालाच फारसं आश्चर्य वाटलं नाही, हे हेमराजच्या लक्षात आलं. तो काही बोलला नाही. गिऱ्हाइकांशी त्याचं बोलणं त्या वर्षी कमीच झालं. मोतीलालभाऊ दिवाळीला आला तेव्हा हेमराज मालासाठी नागपूरला निघून गेला.

नवी कवळी हिवाळ्यात मिळाली. तिला रबर नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी घालून दाखवली, काढून दाखवली.

"रोज झोपताना काढायची. वाटीत पाण्यात ठेवायची. हिरडीला आराम पाहिजे."

"रोज?" अनुसयानं विचारलं. आवाज आता तोंडातून येत होता.

"रोज. आयुष्यभर."

अनुसयानं हेमराजकडे पाहिलं. त्यानं मान डोलावली, जशी काही परवानगी त्याच्याकडे मागितली होती.

ती रोज काढते. वाटी दोघांच्या मधे, खिडकीच्या फळीवर असते. ती आता भिंतीकडे तोंड करून झोपत नाही. अवघड हेमराजचं झालं आहे. पहाटे जाग येते, तो कुशीवर वळतो, आणि शेजारी ती दुसरी बाई असते. आत गेलेला ओठ, खाली आलेलं नाक. रोज पाहून सवय व्हायला हवी होती. झाली नाही. दरवेळी त्याचा श्वास अडकतो, आणि अनुसया जागी असली तर तिला ते कळतं.

"मीच हाओ," ती म्हणते.